पान्हा

नोव्हेंबर उजाडला की म्हशी आत घ्यायच्या.
हा नियम कुठे लिहिलेला नाही,
पण ट्रान्सिल्वेनियाच्या या डोंगरात
ज्यानं तो मोडला त्याच्या म्हशीच्या कानांची टोकं
काळी पडून गळालेली मी पाहिलीत.
म्हशीच्या अंगावर केस ते किती,
माझ्या डोक्यावर उरलेत तेवढेच.

फटी बुजवल्या, पेंढ्यानं, जुन्या पोत्यांनी.
वरची खिडकी मात्र वीतभर उघडी ठेवली:
मुताची वाफ कोंडली तर डोळे चुरचुरतात,
तिचे आणि माझेही.
पाणी चुलीवर कोमट करून पाजलं.
सडांना भेगा पडू नयेत म्हणून डुकराची चरबी चोळली.
सगळं एमोकेनं सांगितलं तसं,
वहीच्या पानावर, बस यायच्या आधी, उभ्याउभ्या लिहिलेलं.

एमोके व्हिएन्नाला आहे.
तिथल्या एका म्हाताऱ्याला आंघोळ घालते, भरवते,
रात्री कूस बदलून देते.
सहा महिने. पैसे बरे आहेत.

हे सिल्वाला कोण समजावणार?
सिल्वा म्हणजे आमच्या हंगेरियनमध्ये आलुबुखार,
तशीच आहे ती, काळीनिळी, वर धुरकट झाक.
पहिल्या दिवशी मी कासेला हात घातला
तर तिनं मागं वळून पाहिलं
आणि पान्हा चोरला.
दुसऱ्या दिवशी बादलीत जेमतेम चार बोटं.
तिसऱ्या दिवशी लाथ. तेवढंही पेंढ्यात गेलं.

शेजारचा गेर्गेय म्हणाला, "लाज कसली धरतोस?
माझ्या बापानं दोन हिवाळे आईचा घागरा नेसून धारा काढल्या."

मग दाराला आतून कडी घातली.
एमोकेचा फुलाफुलांचा एप्रन बांधला,
डोक्याला तिचा रुमाल, हनुवटीखाली गाठ.
"नो, नो, सिल्वा,"
तिच्या दोन सुरांत, माझ्या घोगऱ्या आवाजात.
सिल्वानं रुमाल हुंगला. बराच वेळ.
मग कास सैलावली.
पहिली धार पत्र्यावर वाजली तेव्हा
मी, साठीचा बाप्या, रुमालाच्या टोकात तोंड घालून...
असो.

रुमाल धुवायचा नाही, हे मीच ठरवलं.
जानेवारीत पारा उणे बावीस.
उकिरड्यापर्यंत नेईस्तोवर शेणाचा दगड व्हायचा.
रात्री दोनदा उठून पेंढा बदलायचो,
ओल्यावर निजली तर कास सुजते.

फेब्रुवारीत कधीतरी ध्यानात आलं,
रुमालाला आता एमोकेचा वास येत नाही.
माझाच येतो. तंबाखू, घाम, चरबी.
तरी सिल्वा दूध देतेय.

हे फोनवर सांगितलं नाही.
"दूध?"
"बरं आहे. म्हातारा?"
"जेवतो थोडं. मी भरवलं तरच."

एप्रिलचं कोवळं गवत घात करतं.
आधी पोटभर सुकी वैरण, मग बाहेर, तेही अर्धा तास,
नाहीतर पोट नगाऱ्यासारखं फुगतं.
डबक्यावरचा बर्फ गेला, पाणी मात्र अजून बोचरं.
डुंबायला मे उजाडू दे, म्हटलं तिला.
काठावर उभी राहून ती पाण्याकडे बघत बसायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी एमोके आली.
बॅग अंगणात टाकून थेट गोठ्यात.
हात केवढे मऊ झालेले, लिंबाच्या साबणाचे.
"नो, नो, सिल्वा."
सिल्वानं हात हुंगले, मनगट हुंगलं.
मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं
आणि पान्हा चोरला.

एमोके तिपाईवर तशीच बसून राहिली,
कपाळ म्हशीच्या कुशीला टेकून.

खुंटीवरचा रुमाल काढून मी तिच्या डोक्यावर घातला.
गाठ मारता येईना. स्वतःला रोज मारायचो,
दुसऱ्याला उलटी पडते.
"तुझा वास येतो याला," ती म्हणाली.
रागानं नाही, तसं वाटलं नाही.

जूनमध्ये तिला परत जायचंय,
गवत कापणीच्या आधी.
बादली रिकामीच होती.
सिल्वा रवंथ करत होती, आम्ही थांबलो होतो.